एमबीए केलं की माणूस नियम मोडायला शिकतो?

आपल्याकडे आता जवळपास प्रत्येक घरात कुणीतरी बीबीए नाहीतर एमबीए करतंय. मग जेवताना आजोबांचा टोमणा ठरलेला, "धंद्याचं शिक्षण म्हणजे पळवाटा शोधायचं शिक्षण!" यात तथ्य किती?

डोनाल्ड मॅककेब आणि सहकाऱ्यांनी अमेरिका व कॅनडातल्या ५,००० हून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून माहिती घेतली. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात एकदा तरी कॉपी किंवा तशीच लबाडी केल्याचं व्यवस्थापन शाखेच्या ५६ टक्के विद्यार्थ्यांनी कबूल केलं. इतर शाखांत हे प्रमाण ४७ टक्के होतं.

म्हणजे आजोबा जिंकले? जरा थांबा. फरक आहे, पण बाकीचेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. शिवाय शिक्षणाने मुलं बदलतात, की मुळात तशीच मुलं तिकडे वळतात, हे या आकड्यांवरून ठरत नाही. संशोधकांना सर्वांत मोठा प्रभाव दिसला तो सोबत्यांचा. 'सगळेच करतात' असं वाटलं, की आपलाही पाय घसरतो.

पण सोबत चांगल्याचीही लागते. २००९ मध्ये हार्वर्डच्या एमबीए विद्यार्थ्यांनी स्वतःहून सचोटीची शपथ तयार केली. शपथेने सगळं सुधारतं असं नाही, पण 'आपल्यात हे चालत नाही' एवढं तरी उघड बोललं जातं.

तेव्हा मित्रांनो, ग्रुप प्रोजेक्ट असो की सोसायटीचं पार्किंग, "मी नाही करणार" असं पहिल्यांदा कोण म्हणतं, यावर बरंच अवलंबून आहे. आजोबांना उत्तर द्यायचं तर असं द्या!