नवी गाडी, जुनी खोड

बैल विकत घेणारा शेतकरी बाजारात बैलाचे दात पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच रुमालाखाली हात घालून सौदा करतो. विकणाऱ्याने बैलाची खोड दडवली तरी जाणत्या डोळ्याला ती बहुधा दिसते. मोटारीचे तसे नाही. शोरूमच्या उजेडात चकाकणाऱ्या गाडीच्या गिअरच्या पेटीत काय दडले आहे, हे घेणाऱ्यालाच काय, पुष्कळदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. खोड कळते ती महिन्या-दीड महिन्याने. म्हणजे पैसे मोजून झाल्यावर आणि बँकेचा पहिला हप्ता गेल्यावर. अशा वेळी विक्रेत्याकडून गाडी नीट कशी करून घ्यावी, एवढ्याच प्रश्नाचा विचार आपणांस येथे करावयाचा आहे.

मैंदर्गीच्या माणसाला हा प्रश्न शहरवासीयापेक्षा अधिक जाचतो. गाड्यांची मोठी शोरूम आणि वर्कशॉप सोलापुरात. कोणी सीमेपलीकडून, कलबुर्गीहूनही गाडी आणतो. गाडी बिघडली की अक्कलकोटवरून सोलापूरची खेप आली, म्हणजे एक दिवसाचा धंदा बुडाला. तेथे "गाडी नवी आहे, जरा रुळू द्या," हे उत्तर घेऊन परतायचे. अशा चार खेपा झाल्या की माणूस कंटाळतो आणि गावातल्याच मेस्त्रीकडून इंजिन उघडून घेतो. आमच्या मते हक्क बुडतो तो या कंटाळ्यात. कायद्याच्या उणिवेने नव्हे.

कायद्याची वाटचाल थोडक्यात पाहू. विकलेला माल ज्या कामासाठी घेतला त्या कामाला योग्य असावा, हे तत्त्व काही मर्यादांसह 1930 च्या माल विक्री कायद्यातही होते. परंतु त्यासाठी दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागे, आणि तेवढा पैसा व आयुष्य सामान्य माणसापाशी नसे. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि ग्राहक हा बाजाराचा धनी आहे, ही जाणीव महाराष्ट्रात रुजू लागली. पुढे 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा घेणारा 2019 चा कायदा जुलै 2020 पासून अमलात आला असून आज तोच चालू आहे.

या कायद्यात 'दोष' या शब्दाचा अर्थ व्यापक आहे. मालाचा दर्जा, प्रमाण वा कस यांत कायद्याप्रमाणे, कराराप्रमाणे किंवा विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे जे असावयास हवे त्यात राहिलेली कोणतीही उणीव म्हणजे दोष. तो सिद्ध झाल्यास दोष दूर करणे, माल बदलून देणे, किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई देणे, असे आदेश आयोग देऊ शकतो. मात्र दोष सिद्ध करावयाचा असतो, आणि तो मोठ्या आवाजाने सिद्ध होत नाही, कागदाने होतो.

यातला मुख्य कागद म्हणजे वर्कशॉपचे जॉब कार्ड. गाडी आत जाताना आपली तक्रार आपल्याच शब्दांत त्यावर लिहून घ्यावी. 'चढावर तिसरा गिअर निसटतो' असे लिहिले तर त्याला अर्थ आहे. 'सर्वसाधारण तपासणी' या दोन शब्दांत तीच तक्रार गाडली जाते. गाडी कोणत्या तारखेला दिली, कोणत्या तारखेला मिळाली, त्या वेळी किलोमीटरचा आकडा किती होता आणि कोणता भाग बदलला, हे त्यावर असल्याची खात्री करून प्रत मागून घ्यावी. गाडी परत घेताना 'काम समाधानकारक' अशा छापील ओळीखाली न वाचता सही करू नये. दोष राहिला असेल तर तेथेच 'तक्रार कायम' असे लिहावे. एकाच दोषाची चार जॉब कार्डे एकापुढे एक ठेवली की 'गाडी रुळेल' या उत्तरातली हवा आपोआप निघून जाते.

त्याचबरोबर आपली बाजूही निर्दोष हवी. ठरलेली सर्व्हिसिंग वेळेवर करावी आणि वॉरंटीच्या मुदतीत बाहेर गाडी उघडू नये. नाहीतर बिघाडाचे खापर बाहेरच्या मेस्त्रीवर फुटते. रागाने बँकेचे हप्ते थांबविण्याची चूक कोणी करू नये. कर्जाचा करार निराळा असतो. हप्ते थकले तर सदोष का होईना, गाडीच ओढून नेली जाते.

दोन-तीन दुरुस्त्यांनंतरही दोष गेला नाही तर विक्रेता व कंपनी या दोघांनाही लेखी पत्र पाठवावे. आतापर्यंतच्या तारखा, दोष, आपली मागणी आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत, एवढे त्यात पुरे. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोचीचा पुरावा जपावा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदविता येते. तेथे मराठीप्रमाणे कन्नडमध्येही बोलता येते, आणि ज्यांच्या घरी कन्नड बोलली जाते अशा आपल्या सीमाभागातील कुटुंबांना ही सोय विशेष उपयोगी आहे. पुष्कळ तंटे याच पायरीवर मिटतात.

न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत 50 लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच चालते. 5 लाखांपर्यंत फी नाही. 5 ते 10 लाखांपर्यंत ती 200 रुपये आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार व्हावी लागते. वकील दिलाच पाहिजे असे नाही. सर्वांत महत्त्वाची सुधारणा अशी की, पूर्वी विक्रेत्याच्या गावी किंवा जेथे कारण घडले तेथे जावे लागे. आता तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते. म्हणजे गाडी कलबुर्गीची असो की पुण्याची, मैंदर्गीकराचा दावा सोलापुरात चालू शकतो.

येथे सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल लक्षात ठेवण्याजोगे आहेत. 2006 साली मारुती कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने असे ठरविले की, वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलण्याचे वचन असेल, तर केवळ एका भागाच्या दोषापायी अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. तेव्हा मागणी दोषाच्या मापाची असावी. 2010 साली फियाट गाडीच्या प्रकरणात न्यायालयाने निरपेक्ष तज्ज्ञाच्या तपासणीवर भर दिला. निर्मितीतलाच दोष आढळल्यास किंमत व्याजासह परत करावी, असे सांगितले. अशी तपासणी मागण्याचा मार्ग कायद्यात आहे, आणि तज्ज्ञाचा अहवाल नसल्यामुळे पुष्कळ खऱ्या तक्रारीही पडतात.

तिसरा निकाल आपल्या शेजारच्या गोव्याचा, 2021 सालचा. एका ग्राहकाने 2011 साली टाटांची नवी मोटार घेतली. ती प्रत्यक्षात 2009 ची निघाली. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदारीतून मोकळे केले, कारण विक्रेत्याच्या या कृत्याची कंपनीला माहिती होती असे ग्राहकाने मांडले वा दाखविले नव्हते, आणि विक्रेता हा कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र व्यापारी होता. विक्रेता मात्र सुटला नाही. यावरून दोन धडे घ्यावेत. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी विक्रीच्या दाखल्यावरील, म्हणजे फॉर्म 21 वरील, निर्मितीचा महिना व साल आणि चेसिस नंबर ताडून पाहावा. आणि तक्रारीत विक्रेत्याने काय केले व कंपनीने काय केले, हे वेगवेगळे लिहावे.

आता ज्यांचे पोट गाडीवर आहे त्यांच्याविषयी. धंद्यासाठी घेतलेल्या मालाबद्दल ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही, असे सांगून रिक्षावाल्याला किंवा भाजी वाहणाऱ्या टेंपोवाल्याला अनेकदा परत पाठविले जाते. हे अर्धसत्य आहे. केवळ उपजीविकेसाठी, स्वतःच्या कष्टाने जो गाडी चालवितो तो ग्राहकच होय, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच स्पष्ट केले आहे. दहा गाड्या भाड्याने फिरविणाऱ्या मालकाची गोष्ट निराळी. ज्या माणसाची एकुलती गाडी वर्कशॉपात उभी आणि हप्ता मात्र चालू, त्याच्याच घरात चुलीवर परिणाम होतो; म्हणून त्यानेच सर्वांआधी कागद सांभाळावा.

हा मार्ग झटपट आहे असे आम्ही म्हणणार नाही. कायद्याने निकालासाठी तीन महिन्यांची, आणि मालाची तपासणी लागल्यास पाच महिन्यांची मुदत सांगितली आहे. प्रत्यक्षात वेळ त्याहून पुष्कळ लागतो. पण ज्याच्यापाशी तारीखवार कागद आहेत त्याला आयोगापर्यंत जाण्याचीही गरज अनेकदा पडत नाही, कारण फाइल पाहताच दुकानदार दुरुस्तीला लागतो. बैलाची खोड ओळखायला डोळा लागतो. यंत्राची खोड काढायला लागतात चार जॉब कार्डे, एक पत्र आणि न कंटाळण्याचा निश्चय.