टोपलीतून पीठ का गळतं? बांबूच्या कामातला खरा 'प्रोफेशनल' कसा ओळखायचा

हौसेनं आणलेल्या बांबूच्या लॅम्पखाली किंवा टोपलीखाली पिवळसर पीठ सांडलेलं पाहिलंय कधी? झटकलं तरी दोन दिवसांनी पुन्हा तेवढंच. हे बांबू आतून पोखरणाऱ्या बारीक भुंग्याचं काम. वस्तू घेतली तेव्हा तर विणकाम झकास होतं, पॉलिशही चमकत होतं. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते विणायला बसायच्याही आधी. आणि कसबी हात आणि खरा व्यावसायिक कारागीर यांच्यातला फरक नेमका तिथेच आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातला पोंभुर्णा तालुका घ्या. मूल, गोंडपिपरी, बल्लारपूर हे त्याचे शेजारी. या पट्ट्यातल्या जंगलात मानवेल जातीचा बांबू मुबलक. बुरूड समाजातली माणसं त्यापासून पिढ्यान्‌पिढ्या सुपं, टोपल्या, ताटवे, धान्याच्या ढोल्या बनवत आली. 2014 मध्ये याच जिल्ह्यात चिचपल्लीला सरकारचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं आणि लॅम्प, फर्निचर, राख्या अशा शहरी मालाकडेही हात वळले.

आता भुंग्याकडे येऊ. त्याला लाकडाची चव नाही, बांबूतला स्टार्च हवा असतो. म्हणून बांबू कधी तोडला याला महत्त्व. पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत तोडलेला बांबू सहसा जास्त टिकतो. (अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा, असंही जुनी माणसं सांगतात.) दुसरी गोष्ट वयाची. बांबू काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो, पण आतून पक्का व्हायला त्याला साधारण तीन वर्षं लागतात. कोवळ्या बांबूवर पांढुरकी भुकटी असते, जून बांबू ठोकला की खणखणतो. टोपलीला लवचिक, कोवळा बांबू चालतो, किंबहुना तोच लागतो. पण त्याच बांबूची खुर्ची केली तर तो वाळताना आकसतो आणि सांधे सैल होतात. दुकानात मात्र दोन्ही खुर्च्या सारख्याच दिसतात.

त्यानंतर प्रक्रिया. पूर्वी बांबू आठवडेच्या आठवडे पाण्यात बुडवून ठेवत, म्हणजे स्टार्च निघून जाई. घरातल्या वस्तू चुलीच्या धुरावर टांगत. आता बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात बांबू भिजवतात. याला दिवस जातात, टाकी लागते, खर्च येतो आणि वस्तू त्यामुळे तसूभरही जास्त सुंदर दिसत नाही. घाईच्या ऑर्डरीत पहिली कात्री इथेच लागते.

खरा कारागीर ती लावत नाही. शिवाय तो गिऱ्हाइकाला हेही सांगतो की, ही खुर्ची उघड्या अंगणात ठेवू नका, कारण बोरॅक्स पावसात धुऊन जातं. एक गिऱ्हाईक कदाचित हातचं जाईल, हे माहीत असूनही.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या बुरुडाला कुठे हे कोणी शिकवलं होतं? खरंय. पण त्याचं गिऱ्हाईक त्याच गावातलं असे. सूप महिनाभरात उसवलं तर बाई ते घेऊन थेट दारात उभी राहायची. पुढच्या हंगामात तिलाच ढोली विकायची असायची. वॉरंटी कार्ड नव्हतं, पण शेजार होता. आज पोंभुर्ण्यात बनलेली वस्तू पुण्या-मुंबईच्या घरात जाते आणि तिच्यातून पीठ गळायला लागलं तर दारात येणारं कोणी नसतं. फार तर फोटो काढून पोस्ट पडते, 'बांबूचं काही खरं नाही'. फटका मग नीट काम करणाऱ्यालाही बसतो.

शंभर लॅम्पच्या ऑर्डरीत शंभरावाही पहिल्याच मापाचा यावा लागतो. तारीख पाळायची तर वाळवणाचे दिवस आधीच धरावे लागतात, ढगाळ हवेसकट. भाव सांगताना स्वतःची मजुरीही मोजावी लागते. हे शेवटचं आपल्याकडे सगळ्यात अवघड. घरचेच हात म्हणून मजुरी फुकट धरली की भाव पडतो आणि मग प्रक्रियेवर पाणी सोडावं लागतं. घासाघीस करणारे आपणही त्यात वाटेकरी असतो.

प्रमाणपत्रानं हे साधतं का? 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत टोपल्या-चटया विणणारेही आहेत. प्रशिक्षणात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज. याचा उपयोग नक्की आहे, कारण टाकी आणि करवत पैशानंच येते. पण ती टाकी प्रत्येक ऑर्डरीला भरायची की नाही, हे कागद ठरवत नाही.

माल आला कुठून, हाही प्रश्न आहेच. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) ग्रामसभेला 27 एप्रिल 2011 रोजी स्वतःच्या बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार मिळाले, ते 2006 च्या वनहक्क कायद्याच्या जोरावर. तेव्हापासून 'हा बांबू आमच्या ग्रामसभेचा' असं उजळ माथ्यानं सांगता येऊ लागलं.

तेव्हा पुढच्या वेळी प्रदर्शनात भाव विचारायच्या आधी एवढं विचारून बघा: बांबू केव्हा तोडलेला, किती वर्षांचा आणि कशात भिजवलेला? काही जण 'एकदम पक्का माल आहे साहेब' म्हणतील. एखादी ताई मात्र हातातलं काम बाजूला ठेवून तुम्हाला महिना, वय, टाकीतले दिवस सगळं सांगायला लागेल.