बुडत्या कारखान्याला हात

पणजोबांच्या वॉशिंग मशिनमुळे घराण्याचे नाव अमेरिकाभर झालेले. असा मुलगा मोडकळीला आलेल्या बिअरच्या कारखान्यात पैसे घालील का? फ्रिट्झ मेटॅग यांनी घातले.

सॅन फ्रान्सिस्कोचा 'अँकर' हा १८९६ पासूनचा कारखाना. तो बंद पडणार हे कळताच १९६५ मध्ये त्यांनी ५१ टक्के हिस्सा घेतला. यंत्रे जुनाट, स्वच्छतेच्या नावाने आनंद. बिअर वारंवार आंबायची. मेटॅग स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले, शास्त्र शिकले, हळूहळू यंत्रे बदलली. १९७१ मध्ये बिअर बाटलीत आली. नफ्याचे तोंड दिसायला मात्र दहा वर्षे लागली.

पुढे नव्या छोट्या उत्पादकांना त्यांनी हातचे न राखता मदत केली. आज अमेरिकेत असे हजारो कारखाने आहेत.

'अँकर' त्यांनी २०१० मध्ये विकला. २०१७ मध्ये तो जपानच्या सपोरोकडे गेला आणि २०२३ मध्ये बंद पडला. २०२४ मध्ये दही-उद्योजक हमदी उलुकाया यांनी तो विकत घेतला. बुडत्याला हात देणारा पुन्हा कुणीतरी भेटला, एवढे खरे. पण मेटॅग यांच्यासारखी दहा वर्षे कळ सोसण्याची तयारी विकत मिळत नाही.