पत्र्याची घडी

दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यामधील ३० डिसेंबर १८०३ च्या तहनाम्यामुळे ज्या कसब्याचे नाव इतिहासाच्या दप्तरात कायमचे दाखल झाले, त्या अंजनगाव सुर्जीत काय किंवा वऱ्हाडातील दुसऱ्या कोणत्याही तालुक्याच्या गावी काय, फाल्गुन सरून उन्हाचा अंमल बसू लागला की पत्र्याच्या दुकानांपुढे कूलरच्या रिकाम्या पेट्या एकीवर एक रचलेल्या दिसू लागतात. ज्या मुलखात वैशाखाचा पारा ४५ अंशांना सहज स्पर्श करतो, तेथे ही पेटी चैनीची वस्तू राहिलेली नाही. आणि नित्याची झाल्यामुळेच, हाती धरला असता थरथरणाऱ्या एका पातळ पत्र्यातून पाणी, पंप आणि पंखा यांचा भार मुकाट्याने सोसणारी ताठ वस्तू कशी सिद्ध होते, हा प्रश्न कोणास पडत नाही.

पत्र्याची जाडी बाजारात गेजने सांगतात आणि तिचा हिशेब उलटा चालतो: आकडा चढला की पत्रा पातळ. जुन्या ब्रिटिश मापाप्रमाणे १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २२ गेज ०.७ च्या आसपास आणि २४ गेज अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक. जाडी दुप्पट केली तर पत्र्याचा ताठपणा आठपट होतो हे खरे. पण वजन आणि दाम हीही दुप्पट होतात, आणि आठ फूट बाय चार फुटांचा १ मिलिमीटरचा लोखंडी पत्राच मुळी सुमारे २३ किलो भरतो. म्हणून कारागीर जाडीच्या नादी न लागता घडीचा आश्रय घेतो. कडेची इंचभर पट्टी काटकोनात दुमडली की जो पत्रा क्षणापूर्वी स्वतःच्याच भाराने लवत होता तो सरळ उभा राहतो, कारण धातूचा काही अंश मूळ पातळीपासून दूर नेऊन बसविलेला असतो. लंडनच्या गोदीवरील हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ मध्ये पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले ते याच तत्त्वावर, आणि आपल्याकडील निम्म्या गोठ्यांची छपरे आजही त्याच्या पुण्याईवर उभी आहेत.

मात्र घडी घालावयाची तर तिचा हिशेब पत्रा सपाट असतानाच करावा लागतो. समजा, १ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा असा कोन करावयाचा आहे की ज्याची एक बाजू बाहेरून ५० आणि दुसरी ३० मिलिमीटर भरेल. भोळा मनुष्य ८० मिलिमीटरची पट्टी कापील आणि कोन मोठा झाला म्हणून चकित होईल. जाणता कारागीर सुमारे ७८ मिलिमीटरचीच कापतो. वाकताना पत्र्याचे बाहेरचे अंग ताणले जाते, आतले आवळले जाते, आणि या दोहोंच्या मधली जी रेघ आपली मूळ लांबी राखते तिच्यावरूनच खरे माप निघते. एका घडीत दोन मिलिमीटरची चूक क्षुल्लक वाटते, पण चार घड्यांच्या पेटीत ती साचून झाकण बसेनासे होते. शिवाय पत्र्याचा स्वभाव हट्टी. दाब सुटताच तो थोडा मागे येतो, म्हणून काटकोन हवा असेल तर एक-दोन अंश जास्तच वाकवावे लागते. गुण्या लावून आखणी करणाऱ्या मिस्त्रीला हे गणित कागदावर मांडता येईलच असे नाही, पण त्याच्या हाताला ते ठाऊक असते.

पत्रा कापण्याचे काम त्या मानाने सोपे. कातर काय किंवा कारखान्यातील पंच व डाय काय, पात्यांमधील फट पत्र्याच्या जाडीच्या बेताने, साधारणतः तिच्या ५ ते १० टक्के ठेवली की काम भागते. ती जास्त झाली तर कडेला धारदार बुर उरतो व बोट कापते. खरी मौज कूलरच्या बाजूंवरील झडपांत आहे. त्या कापून जोडलेल्या नसतात. डाय एका बाजूने पत्रा चिरते आणि उरलेला भाग त्याच दाबाने बाहेर फुगवते, त्यामुळे वाऱ्याला वाट मिळते, पावसाचा शिंतोडा आत येत नाही आणि सपाट बाजूला घडीचे बळही लाभते. हाताने दुमडताना मात्र लाकडी हातोडा वापरतात, कारण लोखंडी घावाने पत्रा जागोजाग पसरतो आणि मग सपाट बाजू पोट काढते, ती पुन्हा सपाट होत नाही.

सर्वांत कसोटीचा प्रसंग येतो तो जोडाचा. जस्ती पत्र्यावरील जस्त लोखंडाला केवळ झाकते असे नाही, तर ओरखडा पडला असता आधी स्वतः झिजून त्याला वाचविते. पण हे जस्त ४२० अंशांच्या सुमारास वितळते आणि ९०७ अंशांना उकळते, तर वेल्डिंगच्या ज्वालेची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. परिणामी सांध्यापाशी जस्त पांढऱ्या धुराच्या रूपाने उडून जाते, तो धूर श्वासावाटे छातीत गेलेल्या कारागिराला रात्री थंडीताप भरतो, आणि नेमक्या पाण्याच्या जागी लोखंड उघडे पडते. म्हणून जाणते लोक दोन कडा एकमेकींत अडकवून, ठोकून शिवण घालतात, मध्ये रिव्हेट मारतात, आणि जेथे पाणी थांबते तेथे कथलाचा डाग देतात. टाकीला आतून डांबर फासतात ते दिसायला कुरूप खरे, पण विहिरीच्या खारट पाण्यापुढे तेच टिकते.

वाळूज किंवा चाकणच्या मोठ्या कारखान्यांत हेच काम संगणकाच्या हुकमतीखाली चालते: लेसरचा किरण कापतो, यांत्रिक दाबयंत्र वाकविते, आणि रंगाची भुकटी चढवून ती १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजून पक्की करतात. तेथे एकाच नमुन्याचे दहा हजार नग निघावयाचे असल्याने डायचा अवाढव्य खर्च परवडतो. गावच्या मिस्त्रीला प्रत्येक खिडकीचे माप निराळे मिळते, आणि आयटीआयमध्ये शीट मेटलचा धडा गिरवून आलेल्या मुलालाही हे वैविध्य निस्तरायला वर्ष-दोन वर्षे उमेदवारी करावी लागते.

कूलर घेणाऱ्याने मात्र रंगाच्या झळाळीकडे न पाहता आधी टाकीचा तळाचा कोपरा तपासावा, बाजूवर अंगठा दाबून ती लवते का पाहावे, आणि टाकी रात्रभर पाण्याने भरून ठेवण्यास दुकानदार तयार नसेल तर सरळ पुढच्या दुकानाची वाट धरावी.