पाटे की फुगे?

"ताई, गाडीत बसण्यापेक्षा चालत आले असते तर बरं झालं असतं!" आमच्या महिला मंडळाच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीतून उतरताना सातव्या महिन्यातली एक लेक मला म्हणाली आणि मी ओशाळलेच. तिला तपासणीला आणायलाच तर ही गाडी, आणि तीच मागून धडाधड आपटत होती.

गॅरेजवाले दादा म्हणाले, "पाटे बसलेत. एअर सस्पेन्शन करून घ्या, लोण्यासारखी चालेल." बायका लगेच तयार. एकीने तर शिवनेरी बसचा दाखला दिला. पण पैसे होते दिवाळीच्या फराळाचे, रात्री जागून तळलेल्या चकल्यांचे. म्हटलं, आधी समजून तर घेऊ.

पूर्ण एअर सस्पेन्शनमध्ये लोखंडी पाट्यांच्या जागी रबराचे जाड फुगे येतात. कॉम्प्रेसर हवा भरतो आणि भार वाढला-घटला की एक व्हॉल्व्ह हवा कमी-जास्त करून गाडी समतल ठेवतो. बसायला छानच! पण वाडीच्या खडीवर फुगा कापला तर दुरुस्त कोण करणार? शिवाय असा बदल करण्याआधी आरटीओत विचारावं लागतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम त्याबद्दलच आहे.

दुसरा प्रकार स्वस्तातला. पाटे तसेच, मदतीला दोन फुगे. हे फुगे बसलेली गाडी वर उचलतात, पण ती मऊ होईलच असं नाही. रिकाम्या गाडीतही त्यात थोडी हवा ठेवावीच लागते, नाहीतर फुगा चिमटून फाटतो. आणि फुगे लावले म्हणून भाराची मर्यादा वाढत नाही हं! ब्रेक, टायर, ॲक्सल तेच ना?

मग मी गाडी चक्क वजनकाट्यावर नेली. (सासूबाई पोट धरून हसल्या.) पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी तोलली. मागचा भार मर्यादेबाहेर! पाण्याची टाकी, औषधांचं लोखंडी कपाट, जनरेटर, सगळं आम्हीच हौसेने मागच्या चाकांच्याही पलीकडे रचलेलं. कपाट पुढे घेतलं, जनरेटर उतरवला, टाकी अर्धीच भरू लागलो. एक पाटा तुटलेला निघाला, तो बदलला. शॉक ॲब्सॉर्बर नवे टाकले.

परवा तीच लेक बाळाला लस द्यायला घेऊन आली. गाडी अजून हादरते, रस्ताच तसा आहे. पण आपटत नाही. उरलेले पैसे बँकेत आहेत आणि शिवनेरीवाल्या बाई अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.