पिवळा शंख आणि उलटं भिंग

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातल्या भ्रमाबद्दल बोललो. शेवटी एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सर, दोरीवरचा साप आणि शिंपल्यातली चांदी पुष्कळ झाली. आता एखादं आमच्या घरातलं उदाहरण द्या." ते उदाहरण आज आम्ही पिशवीत घालून आणलं आहे. टेबलावर मांडलेल्या या तीन जुन्या लेन्स, आणि हा पीव्हीसी पाईपचा तुकडा. पाईप शेतीच्या दुकानातून आणला आहे, त्याचा खुलासा पुढे येईल.

आधी थोडं आमच्या डोळ्यांबद्दल. गेल्या वर्षी एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं काही आठवड्यांनी. मधल्या काळात आमच्याकडे एक नवा डोळा होता आणि एक जुना. बैठकीच्या खोलीची भिंत नव्या डोळ्यानं पाहिली की पांढरी, किंचित निळसर. जुन्यानं पाहिली की चहा सांडल्यासारखी. आम्ही आळीपाळीनं डोळे झाकून पाहत बसायचो आणि घरातले काळजीत पडायचे. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, निळा प्रकाश अडवत जातं. हे इतकं सावकाश घडतं की आपल्याला पत्ताच लागत नाही. आमच्या शास्त्रात जुना दाखला आहे: कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो. आम्ही तो पस्तीस वर्षं वर्गात शिकवला. स्वतः पिवळा शंख पाहतो आहोत हे मात्र ऑपरेशननंतर कळलं.

विश्वनाथ न्यायपंचाननांच्या 'भाषापरिच्छेदा'त अयथार्थ ज्ञानाचं कारण म्हणून 'दोष' सांगितला आहे. पित्त हा दोष, आणि दूरत्व, म्हणजे अंतर, हासुद्धा दोष. अंतराला दोषात धरलं आहे हे लक्षात ठेवा, कारण कॅमेऱ्याचा निम्मा खेळ तिथेच आहे.

आता लेन्सकडे वळू. लेन्स बनवणाऱ्यांचा दोनशे वर्षांचा इतिहास हा दोष काढत जाण्याचा इतिहास आहे. एकच भिंग घेतलं तर त्याच्या कडेनं येणारा प्रकाश आणि मधून येणारा प्रकाश एका जागी जमत नाही. रंग वेगवेगळ्या जागी जमतात. सपाट भिंतीचं चित्र सपाट पडत नाही, वाटीच्या आतल्या बाजूसारखं वाकडं पडतं. मग एकाला दुसरं भिंग जोडायचं, एकाची चूक दुसऱ्यानं भरून काढायची. १८४० मध्ये व्हिएन्नात योझेफ पेट्झवाल या गणितज्ञानं आकडेमोड करून माणसांच्या फोटोसाठी एक लेन्स तयार केली. आधीच्या लेन्सपेक्षा ती कितीतरी पट जास्त प्रकाश आत घ्यायची. मिनिटामिनिटांचं ताटकळणं संपलं. किंमत एवढीच की चित्राचा मध्य लख्ख आणि कडा वाहवलेल्या. तेव्हाच्या गिऱ्हाइकाला चेहरा हवा होता, तो मिळत होता. कडांची तक्रार कोण करणार?

आज लोक पैसे मोजून त्या वाहवलेल्या कडा विकत घेतात. ही टेबलावरची मधली लेन्स पाहा. हेलिओस ४४-२, रशियन, ५८ मिलिमीटर, छिद्र २ पर्यंत उघडतं. मूळ आराखडा जर्मनीतल्या झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सचा, १९३० च्या दशकातला. महायुद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी त्याच आराखड्यावर ढिगानं लेन्स काढल्या आणि झेनिट कॅमेऱ्याबरोबर त्या जगभर गेल्या. या लेन्सनं झाडासमोर उभ्या माणसाचा फोटो काढा. मागची पानं माणसाभोवती गोल फिरत असल्यासारखी दिसतात. पावसाळ्यात प्रवरेच्या पाण्यात भोवरा पडतो ना, तसं.

हे कसं होतं? हा पाईपचा तुकडा डोळ्यासमोर सरळ धरा. पलीकडचं तोंड गोल दिसतं. आता थोडा तिरका करा. पुढचं तोंड आणि मागचं तोंड एकमेकांवरून सरकतात आणि मधली मोकळी जागा बदामाच्या आकाराची होते. लेन्सही अशीच एक नळी आहे. पानांमधून येणारा उन्हाचा प्रत्येक ठिपका फोकसच्या बाहेर गेला की तबकडीसारखा पसरतो. चित्राच्या मध्यावरची तबकडी गोल राहते. कडेच्या तबकड्या बदामासारख्या चेपल्या जातात, आणि प्रत्येक बदाम चित्राच्या मध्याला वळसा घालून आडवा पडतो. त्यात वाकड्या चित्रपटलाची भर. आपला डोळा ते बदाम जोडतो आणि म्हणतो, हा भोवरा. एकही पान जागचं हललेलं नसतं.

आता गंमत अशी की हा दोष हुकमी नाही. मागे कोरी भिंत असेल तर भोवरा नाही. छिद्र ५.६ वर बारीक केलं तर नाही. माणूस आणि झाड एकमेकांना चिकटून असतील तर नाही. माणूस दीड-दोन मीटरवर हवा, झाडी त्याच्या मागे बरीच लांब हवी, आणि पानांतून ऊन झिरपायला हवं. म्हणजे पुन्हा दूरत्व आलं. फोनमध्ये आता असली धूसर पार्श्वभूमी बोटानं ओढून लावता येते. आमचा त्याला विरोध नाही, नातवंडं सुखी आहेत. पण फोन ती चित्र काढल्यावर लावतो. लेन्स तुम्हाला चित्र काढण्याआधी चार पावलं चालायला लावते.

दुसरा दोष बुडबुड्यांचा. जर्मनीतल्या गोर्लिट्झ इथल्या मायर कंपनीची ट्रायोप्लान नावाची १०० मिलिमीटरची लेन्स त्यासाठी प्रसिद्ध आहे. आत फक्त तीन भिंगं. कडेच्या किरणांची चूक सुधारताना ती जरा जास्तच सुधारली गेली, म्हणून मागच्या प्रकाशठिपक्याची तबकडी मध्ये फिकी आणि काठाला उजळ होते, साबणाच्या फुग्यासारखी. दवानं भिजलेलं गवत उन्हाच्या दिशेनं टिपलं की फुगेच फुगे. एके काळी ही सामान्य, स्वस्त लेन्स होती. आता तिच्या किमती ऐकून आम्ही तो विषय सोडून दिला.

त्यापेक्षा हा पाईप पाहा. आपल्याकडे जत्रेत तंबूतले सिनेमे यायचे ते तुमच्यापैकी काहींना आठवत असतील. त्या ३५ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरच्या लेन्सही पुष्कळदा पेट्झवालच्याच घराण्यातल्या. थिएटरं डिजिटल झाली आणि प्रोजेक्टर भंगारात गेले. अशी एक लेन्स आमच्या एका माजी विद्यार्थ्यानं भंगारवाल्याकडून वजनावर आणली. तो इथेच फोटो स्टुडिओ चालवतो. या लेन्सला छिद्र लहानमोठं करायची सोय नाही, फोकस करायची आटी नाही. मग एक पाईप कॅमेऱ्याच्या बॉडी कॅपला भोक पाडून बसवला, आतून काळा रंग दिला आणि त्यात लेन्स पुढे-मागे सरकवायची. फट राहिली तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी. एकूण खर्च दोन वडापावांच्या आसपास, लेन्सचं वजन सोडून. अशी उघडी लेन्स सूर्याकडे मात्र रोखू नका. सेन्सरही जाईल आणि डोळाही.

हे काही आपल्याकडे नवं नाही. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून प्रोजेक्टर आणला आणि त्याच नादातून स्वतःचा कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या साथीनं १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या शांतारामबापूंनी पुढे प्रभातच्या 'अमृतमंथन'मध्ये, १९३४ साली, दूरचं जवळ आणण्यासाठी असलेली टेलिफोटो लेन्स राजगुरूच्या डोळ्यावर लावली. पडदाभर एकच डोळा! लेन्स तीच, नेमून दिलेलं काम सोडून भलतंच केलं. आणि आपल्या शेजारच्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके तर चित्रपट पाहण्याच्या ध्यासात झोप विसरले आणि काही काळ दृष्टीच गमावून बसले. डॉक्टरांच्या उपचारानं आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीनं ती परत आली. हा माणूस पुढे भिंगातून पाहूनच एक धंदा उभा करतो, याचं आम्हाला फार अप्रूप वाटतं.

आता तिसरी लेन्स. हीसुद्धा हेलिओसच, पण हिची गोष्ट घरची आहे. ती आम्ही झेनिट कॅमेऱ्याबरोबर घेतली होती. एका पावसाळ्यात आत बुरशी धरली. पुण्यात एकाकडे साफ करायला दिली. परत आली ती काचेसारखी स्वच्छ. दिवाळीनंतर आईला घेऊन प्रवरेच्या घाटावर गेलो, तिथे तिचा फोटो काढला. कॅमेऱ्यातून पाहताना कडा विरघळल्यासारख्या दिसल्या. आम्हाला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. फोटो धुऊन आला तर आईचा चेहरा मधोमध स्पष्ट, कपाळावरची एकेक रेघ मोजावी, आणि भोवतीचा सगळा घाट, पायऱ्या, पाणी, तिच्या पदराचा काठ, पातळ होऊन बाहेर ओढला गेलेला. कारण पुष्कळ उशिरा कळलं. साफ करणाऱ्यानं पुढचं भिंग परत बसवताना उलटं बसवलं होतं.

पाच महिन्यांनी आई गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. आम्ही हा पुढे केला. थोरले बंधू म्हणाले, "अरे, हा बिघडलेला फोटो आहे. लोक काय म्हणतील?" मग ओळखपत्राच्या फोटोवरून मोठा करून, मागे निळा पडदा घालून, स्टुडिओतून एक तसबीर आली. कडा स्वच्छ, प्रमाण बरोबर. आमच्या घरातल्या कोणालाच तीत आई दिसायची नाही, पण बोलत कोणी नव्हतं.

आम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, तेव्हा प्रश्न सोडला नाही. बंधूंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दोषातून आलेलं ज्ञान अयथार्थ, हे आम्हीच शिकवत होतो. घाट काही विरघळला नव्हता. पण फोटो हे नुसतं ज्ञान आहे का? घाटाच्या पायऱ्या मोजायच्या असतील तर ही लेन्स निरुपयोगी. त्या सकाळी आम्ही पायऱ्यांकडे पाहत नव्हतो, आईकडे पाहत होतो. तेवढ्यापुरता तो फोटो आमच्या पाहण्याशी जुळतो. तरीही त्याला कला म्हणायला आमची जीभ अजून रेटत नाही. तो अपघात होता. आम्ही काहीच निवडलं नव्हतं.

निवड नंतर आली. लेन्स दुरुस्त न करता आम्ही तिच्यावर तीन-चार रोळ घालवले. बाजारात काढले, बैलपोळ्याला काढले. बहुतेक फोटो वाया गेले. गर्दीत ही लेन्स नुसता गोंधळ करते. चेहरा मध्यापासून जरा सरकला की तोही वितळतो. बरं, भोवतीचं सगळं वितळवायचं म्हणजे ते सांगण्यासारखं नव्हतं असं आपण ठरवतो. विडी वळणाऱ्या बाईचा फोटो काढला आणि तिचे हात कडेला गेले. चेहरा सुंदर आला आणि हात नाहीसे. तो फोटो आम्ही तिला दिलाच नाही. हातच नसतील तर तो तिचा फोटो कसा? तेव्हा कळलं की हा दोष कुठे वापरायचा नाही. आमच्या मते प्रयोग इथून सुरू होतो. आता जगभर लोक हेलिओसचं पुढचं भिंग मुद्दाम उलटं करतात. करावं, पुढची कडी सोडवली की भिंग हातात येतं, पुन्हा सरळही करता येतं. पण लग्नाच्या अल्बममधला प्रत्येक फोटो भोवऱ्यातला असेल तर तो पंगतीतल्या प्रत्येक पदार्थात केशर घातल्यासारखा होतो. भातात ठीक आहे, आमटीत कशाला?

ज्यांना करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. या लेन्सची आटी ४२ मिलिमीटरची, तिला एम-४२ म्हणतात. लेन्सची बैठक आणि सेन्सर यांत तिला साधारण साडेपंचेचाळीस मिलिमीटर अंतर लागतं. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत हे अंतर फार कमी असतं, म्हणून मधे नुसतं कडं घातलं की भागतं. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात मुळातच एक मिलिमीटर जास्त आहे, त्यामुळे साध्या कड्यानं लांबचं कधीच स्पष्ट होत नाही. विकत घेण्याआधी हे पाहा. आणि पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पाकिटात ठेवू नका. स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. काही जुन्या लेन्समध्ये थोरियमची काच असते, ती वर्षांनुवर्षांत पिवळी पडते. अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात काही दिवस ठेवली की बरीचशी निवळते. डोळ्याच्या भिंगाला ही सोय नाही, त्याला डॉक्टरच लागतो.

आता प्रश्न असतील तर घेऊ. त्याआधी ज्यांना पाहायचं आहे त्यांनी पुढे या. डावीकडची हेलिओस सरळ आहे, उजवीकडची उलटी. ही कॅमेऱ्याला लावून ठेवली आहे, छिद्र २ वर आहे. दारातल्या त्या दिव्यांच्या माळेसमोर कोणीतरी उभं राहा. आईचा फोटो पाकिटात आहे, तोही पाहा. काचेला बोट तेवढं लावू नका.