सूप आजाऱ्याला, कोंबडी घरच्यांना

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या कोल्हापूरकडं घरात कुणी आजारी पडलं की दोन गोष्टी लगेच होतात. शेजारपाजारचे बघायला येतात आणि चुलीवर अळणी चढते. अळणी म्हणजे हळद, आलं-लसूण आणि बेताचं मीठ घालून, मसाल्याशिवाय शिजवलेलं मटण किंवा कोंबडी. त्याचं जे पाणी निघतं, तेच पुढं तांबड्या आणि पांढऱ्या रश्श्याचा पाया होतं. पण मसाला पडण्याआधी त्यातलं वाटीभर पाणी लहान मुलांना, बाळंतिणीला आणि आजाऱ्याला काढून ठेवायचं, हा नियम. ‘सूप’ हा शब्द घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडं सूप होतं, फक्त त्याला कुणी सूप म्हणत नव्हतं.

१९८४ साली माझ्या वडिलांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आणल्यावर आजीनं त्यांना रोज गावठी कोंबडीची अळणी सुरू केली. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. तीन आठवडे झाले. ताप गेला, खोकला गेला, पण अंगात ताकद येईना. माडीचा जिना चढताना ते मधेच पायरीवर बसायचे. शेवटी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, “आजी, खायला काय देता ह्यांना?”

“रोज कोंबडी हाय की,” आजी म्हणाली. “चांगली दोन तास उकळून रस देतोय.”

“आणि कोंबडी?”

“सगळं सत्त्व पाण्यात उतरलं, डॉक्टर. मग चोथा कशाला द्यायचा त्याला?”

“मग तो चोथा रोज खातंय कोण?”

मी आणि माझा भाऊ जमिनीकडं बघत उभे होतो. तीन आठवडे आम्ही दोघं तो चोथा मिटक्या मारत खात होतो, आणि आमची तब्येत उत्तम होती.

आज सूपविषयी आणि भाजलेल्या कोंबडीविषयी बोलायचं ते या आठवणीमुळं. आजीचा समज अडाणीपणाचा होता असं मात्र कृपा करून समजू नका. तोच समज युरोपातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांचा होता. प्रेशर कुकरचा मूळ पुरुष म्हणता येईल असा डेनिस पापिन १६७९ साली लंडनमध्ये आपलं यंत्र घेऊन उभा राहिला, तेव्हा त्यात हाडं मऊ होतात आणि त्यांचा रस निघतो हेच त्याचं मोठं आकर्षण होतं. पुढं एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचं सूप दवाखान्यांतून आणि गोरगरिबांना देण्यात येऊ लागलं. फुकटची हाडं, स्वस्त सूप, आणि मांसाइतकंच पोषण, असा हिशेब होता. शंका आल्यावर फ्रेंच विज्ञान अकादमीनं समिती नेमली. फ्रान्स्वा माजांदी या शरीरशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं कुत्र्यांना नुसतं जिलेटिन खाऊ घालून पाहिलं गेलं. ते खंगत गेले. १८४१ सालच्या अहवालात स्पष्टच म्हटलं गेलं, की नुसत्या जिलेटिनवर जीव तगत नाही.

तरीही समज गेला नाही. १८४७ मध्ये जर्मनीच्या युस्टुस फॉन लीबिग या नामांकित रसायनशास्त्रज्ञानं मांसाच्या रसाचं महत्त्व इतकं वाढवलं, की पुढं त्याच्या नावानं मांसाचा अर्क बाटल्यांतून विकला गेला, तोही आजाऱ्यांची ताकद वाढवणारा म्हणून. त्यात चव होती, वास होता. प्रथिनं मात्र फारशी नव्हती.

कारण साधं आहे. मांसातली प्रथिनं उष्णतेनं गोठतात आणि बरीचशी जागच्या जागीच राहतात, उकडलेल्या अंड्यासारखी. पाण्यात उतरतात ते क्षार, वासाचे-चवीचे पदार्थ, थोडी चरबी, आणि हाडं, सांधे व कातडीतल्या कोलॅजनचं झालेलं जिलेटिन. हाताला चिकट लागतं आणि फ्रीजमध्ये थिजतं ते हेच. जिलेटिन हेही प्रथिनच, पण अपुरं. शरीराला बाहेरूनच मिळवावं लागणारं ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल त्यात मुळीच नसतं. चांगल्या घट्ट सूपच्या एका मोठ्या वाटीत प्रथिनं पाच-सहा ग्रॅम, पातळ असेल तर त्याहून कमी. कोंबडीच्या शंभर ग्रॅम शिजलेल्या मांसात मात्र पंचवीस ग्रॅमच्या वर. आजाऱ्याला वाटी द्यायची आणि ताटली आपण घ्यायची, यातला घोटाळा एवढ्या आकड्यांवरून लक्षात यावा.

मग सूपचा उपयोगच नाही का? आहे की. तापात शरीरातलं पाणी आणि मीठ जातं, ते सूपनं भरून निघतं. गरम वाफेनं नाक मोकळं होतं. १९७८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मोजून पाहिलं, तेव्हा गरम पाण्यापेक्षा कोंबडीच्या गरम सूपनं नाकातला शेंबूड जास्त वेगानं सरकला. २००० साली नेब्रास्का विद्यापीठातल्या प्रयोगात सूपमुळं पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावलेली दिसली. सर्दीचा त्रास सूपनं थोडा हलका होत असावा असा त्यावरून अंदाज निघाला. पण तो प्रयोग काचेच्या भांड्यातला होता, माणसातला नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सूपच्या वासानं भूक जागी होते. जेवणावरची वासना गेलेल्या माणसाला हे थोडं नाही. सूप हे जेवणाचं दार आहे असं मी म्हणते. दारातूनच माणसाला परत पाठवायचं नाही, एवढं आपण बघायचं.

म्हणून माझ्या घरी एका कोंबडीची दोन जेवणं होतात. रविवारी अख्खी भाजलेली कोंबडी, सोमवारी तिच्या सांगाड्याचं सूप आणि त्यात उरलेलं मांस.

भाजायला ब्रॉयलर बरी, साधारण सव्वा किलोची. गावठी कोंबडी वयानं मोठी, हिंडलेली-फिरलेली. तिचं मांस कोरड्या आचेवर वातड होतं, तिचा मान सूपमध्ये. आपल्याकडं दुकानदार विचारल्याशिवाय कातडी ओढून काढतो. त्याला आधीच सांगून ठेवा, की पिसं तेवढी काढायची, कातडी राहू द्यायची. तो जरा कुरकुर करील. पण कातडीशिवाय भाजलेली कोंबडी म्हणजे छत्रीशिवायचा पाऊस. वरचं मांस सुकून जातं.

घरी आणल्यावर नळाखाली धरून खळाखळा धुऊ नका. कच्च्या कोंबडीवरचे जंतू धुऊन जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर मात्र जातात. त्यांना मारते ती आच. कोंबडी आतूनबाहेरून कागदानं टिपून कोरडी करायची, दीड-दोन लहान चमचे मीठ आणि मिरपूड चोळायची आणि झाकण न घालता रात्रभर फ्रीजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवायची, म्हणजे तिचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकणार नाही. मीठ आतपर्यंत पोचतं आणि कातडी कोरडी होते. कोरडेपणाचं महत्त्व असं, की पाणी असेपर्यंत पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर तापत नाही, आणि तो खमंग तपकिरी रंग व वास साधारण एकशेचाळीस अंशांच्या पुढंच चांगला धरतो. उकडलेली कोंबडी पांढरीफटक का राहते, ते यावरून कळेल. मोठ्या आचेवर परतलं की रस आत कोंडला जातो असं अजूनही पुस्तकांत लिहितात, तेही लीबिगसाहेबांचंच. रस कोंडला जात नाही. चव येते, आणि तेवढ्यासाठी परतायचं.

दुसऱ्या दिवशी पोटात अर्धं लिंबू आणि लसणाचा एक गड्डा ठेवायचा, वरून लोणी किंवा तेल चोळायचं. भोवती बटाटे, कांदे, गाजरं. ओव्हन दोनशे अंशांवर आधी तापवून घ्यावा. एवढ्या कोंबडीला सव्वा तासाच्या आसपास लागतो. छातीचं मांस लवकर शिजतं, मांडीचं उशिरा. त्यामुळं तपासायचं ते मांडीच्या जाड भागात. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तिथं चौऱ्याहत्तर अंश दिसले पाहिजेत. नसेल तर पाय सांध्यातून सहज हलला पाहिजे आणि सुरी खुपसल्यावर कुठंही लालसर रस येता कामा नये. शंका वाटली तर आणखी दहा मिनिटं. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. लगेच कापली तर रस ताटात वाहून जातो. तोवर भांड्याच्या तळाशी चिकटलेल्या तपकिरी खरवडीत अर्धी वाटी पाणी घालून गॅसवर उकळा आणि उलथन्यानं सोडवून घ्या. तीच ग्रेव्ही, पिठाबिठाची गरज नाही.

ओव्हन नाही म्हणून अडायचं कारण नाही. जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर कोंबडी सगळ्या बाजूंनी लाल करायची, तळाशी कांदे-बटाटे, अर्धी वाटी पाणी, घट्ट झाकण आणि मंद आचेवर तासभर. मधे एकदोनदा उलटायची. रायगडकडची पोपटी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना झाकणाखालची कोंबडी काय असते ते सांगायला नको. थंडीत वालाच्या शेंगा आल्या, की मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी भरायची, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. तो खरं म्हणजे वाफेचा प्रकार. कातडी कुरकुरीत होत नाही. पण त्या पाल्याचा वास कुठल्याही ओव्हनला साधणार नाही.

आता सांगाडा. जेवण झाल्यावर हाडांवरचं उरलेलं मांस हातानं सोडवून वेगळं झाकून फ्रीजमध्ये ठेवा. हाडं, पंखांची टोकं, कातडीचे तुकडे पातेल्यात घ्या. दुकानदाराकडून चार पंजे जास्त मागून आणलेत तर सूप हमखास थिजतं. त्यांत कोलॅजन भरपूर. वर दोन बोटं येईल इतकं गार पाणी, एक कांदा, आल्याचा तुकडा, दहा मिरे, तमालपत्र आणि कोथिंबिरीच्या काड्या. त्या टाकून देऊ नयेत. पाण्याला खदखदा उकळी नको, नुसते बुडबुडे येत राहावेत, नाहीतर चरबी मिसळून सूप गढूळ होतं. वर येणारा फेस काढत राहायचा. अडीच-तीन तास. घाई असेल तर कुकरमध्ये पाऊण तास; शुद्धतावादी नाकं मुरडतील, पण मला चवीत फार फरक वाटत नाही. मीठ अगदी शेवटी, कारण पाणी आटतं तसं ते तीव्र होत जातं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांना मीठ आणि पाणी किती द्यायचं, ते मात्र डॉक्टरांनाच विचारा.

गाळलेलं सूप रात्रभर ओट्यावर झाकून ठेवायची आपली सवय वाईट. सकाळी उकळलं की झालं, असं वाटतं. पण काही जंतूंची बीजं उकळीतही मरत नाहीत, आणि कोमट सूपचं मोठं पातेलं म्हणजे त्यांचं माहेर. दोन-तीन पसरट भांड्यांत वाटून, गार पाण्यात ठेवून निववायचं आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. सकाळी वर चरबीची पिवळी साय धरलेली असते, ती चमच्यानं अलगद निघते. दोन-तीन दिवसांत संपवावं, आणि प्रत्येक वेळी लागेल तेवढंच काढून चांगली उकळी आणावी.

आजाऱ्यासाठी त्यात मूठभर मऊ भात किंवा शेवया आणि ते बाजूला ठेवलेलं मांस, अगदी बारीक तंतू करून, उकळीत घालायचं. चावायला त्रास असेल तर मिक्सरमधून काढायचं.

डॉक्टर येऊन गेले त्या संध्याकाळी आजीनं असंच केलं होतं, पाट्यावर वाटून. वडिलांनी वाटी संपवली आणि आणखी आहे का, असं विचारलं. मी आणि माझ्या भावानं त्या रात्री आमटी-भात खाल्ला.